तहातील वधू, राज्यांची माता : सम्राज्ञी संत अ‍ॅडलेड

आगमनकाळ अर्ध्यावर आलेला असतो. घरोघरी गव्हाणीची तयारी सुरू असते आणि त्या गडबडीत १६ डिसेंबर हा दिवस बहुतेकांच्या लक्षात न येताच निघून जातो. या दिवशी ख्रिस्तसभा एका सम्राज्ञीचे स्मरण करते. तिचे नाव संत अ‍ॅडलेड. हे नाव आपल्याला परिचित आहे ते ऑस्ट्रेलियातील शहरामुळे आणि तेथील क्रिकेटच्या मैदानामुळे. त्या शहराला एकोणिसाव्या शतकातील एका ब्रिटिश राणीचे नाव मिळाले आहे. आपली ही अ‍ॅडलेड तिच्याही आठशे वर्षांहून अधिक आधीची, दहाव्या शतकातील युरोपची.

सहाव्या वर्षी वाग्दान, सोळाव्या वर्षी विवाह, एकोणिसाव्या वर्षी वैधव्य, लगोलग कैद, एकतिसाव्या वर्षाच्या आसपास सम्राज्ञीपद आणि साठाव्या वर्षी साम्राज्याचा कारभार. एका आयुष्यात इतके चढउतार क्वचितच कोणाच्या वाट्याला येतात. मात्र संत अ‍ॅडलेडचे मोठेपण या चढउतारांत नाही. जिला इतरांनी राज्ये जोडण्याचे साधन म्हणून वापरले, तिने त्याच नात्यांतून माणसे जोडली, हे तिचे मोठेपण आहे.

राज्यासाठी ठरलेले लग्न

अ‍ॅडलेडचा जन्म इ. स. ९३१ मध्ये बर्गंडीच्या राजघराण्यात झाला. आजच्या स्वित्झर्लंडचा पश्चिम भाग आणि त्याला लागून असलेला फ्रान्सचा काही प्रदेश त्या राज्यात मोडत असे. तिचे वडील राजा रुडॉल्फ दुसरा आणि आई स्वेबियाची राजकन्या बर्था. शार्लमेनचे विशाल साम्राज्य मोडून त्याची अनेक राज्ये झालेली होती आणि त्यांतील इटलीच्या मुकुटावर अनेकांचा डोळा होता. रुडॉल्फने काही वर्षे तो मुकुट धारण केला होता. पुढे तो प्रोव्हांसच्या ह्यूगोकडे गेला.

९३७ साली रुडॉल्फचा मृत्यू झाला. विधवा राणी, वयात न आलेला राजपुत्र कॉनराड आणि सहा वर्षांची राजकन्या मागे राहिली. बर्गंडीवर हक्क सांगण्यास उत्सुक असलेला ह्यूगो लगेच तेथे आला. त्या वर्षाच्या डिसेंबर महिन्यात एकाच वेळी दोन सोयरिकी ठरल्या. ह्यूगोने स्वतः विधवा बर्थाशी विवाह केला आणि आपला मुलगा लोथार याच्यासाठी बर्थाच्या सहा वर्षांच्या मुलीला मागणी घातली. आईचा नवा पती हाच मुलीचा भावी सासरा झाला.

त्या काळातील राजघराण्यांत कन्येचे लग्न म्हणजे तह असे. दोन राजांमधील वैर मिटवायचे, एखाद्या प्रदेशावर हक्क सांगायचा, बंडखोर सरदाराला बांधून ठेवायचे, तर त्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे सोयरीक. वधूला विचारण्याची पद्धत नव्हती. परस्परसंमती हाच विवाहाचा गाभा आहे, हे पोप निकोलस पहिले यांनी ८६६ साली बल्गेरियाच्या लोकांना पाठवलेल्या उत्तरांत स्पष्ट केले होते. तथापि, ही शिकवण राजवाड्यांच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचायला पुढची कित्येक शतके जावी लागली.

या व्यवहाराची एक बाजू मात्र आपल्याकडील हुंड्याच्या अगदी उलट होती. तेथे वराकडील मंडळी वधूला जमिनी, गावे आणि मठांचे उत्पन्न लावून देत. एका अर्थी ते तिचे स्त्रीधनच. पती वारल्यास तिचा उदरनिर्वाह त्यावर चालावा, हा हेतू. अ‍ॅडलेडलाही इटलीत अशा विस्तीर्ण जमिनी लिहून देण्यात आल्या. या जमिनींनी पुढे तिच्यावर संकट आणले आणि तिला सामर्थ्यही दिले.

विधवा आणि बंदिनी

९४७ साली, सोळाव्या वर्षी, अ‍ॅडलेडचा लोथारशी विवाह झाला. त्यांना एम्मा नावाची कन्या झाली. लोथार नावापुरता राजा होता. खरी सत्ता इव्रेआचा सरदार बेरेंगार याच्या हाती होती. २२ नोव्हेंबर ९५० रोजी तरुण लोथारचा अचानक मृत्यू झाला. त्याला विष देण्यात आले असावे, असा संशय तेव्हाच व्यक्त झाला. महिना उलटण्याच्या आत, १५ डिसेंबर रोजी, बेरेंगार आणि त्याचा मुलगा आदालबेर्त यांनी पाविया येथे इटलीचे मुकुट धारण केले.

मुकुट मिळाला, परंतु मनाची खात्री मिळाली नाही. प्रजेच्या मनात राणी होती ती अ‍ॅडलेड. तिच्या नावावर जमिनी होत्या आणि तिच्याशी जो विवाह करील त्याला राज्यावर हक्क सांगता येणार होता. तिने आदालबेर्तशी विवाह करावा, असा बेरेंगारचा आग्रह होता आणि तिने तो मानला नाही, असे परंपरा सांगते. एप्रिल ९५१ मध्ये कोमो येथे तिला कैद करण्यात आले आणि पुढे गार्दा सरोवराकाठच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. तिचे दागिने काढून घेतले, केस ओढले, मारहाण केली, अशी नोंद तिचे चरित्रकार संत ओदिलो यांनी करून ठेवली आहे. हे ओदिलो म्हणजे क्ल्यूनीचे मठाधिपती. २ नोव्हेंबर रोजी सर्व मृत भाविकांचे स्मरण करण्याची प्रथा ज्यांनी आपल्या मठांत सुरू केली आणि जी पुढे साऱ्या ख्रिस्तसभेची झाली, तेच हे संत. अ‍ॅडलेडला ते प्रत्यक्ष ओळखत होते.

चार महिन्यांनी, ऑगस्ट ९५१ मध्ये, अ‍ॅडलेड तेथून निसटली. गांडर्सहाइमची विदुषी कवयित्री ह्रोत्सविता हिने या सुटकेचे वर्णन आपल्या काव्यात केले आहे. त्यानुसार जमिनीखालून भुयार खणण्यात आले. एक दासी आणि एक धर्मगुरू यांच्यासह राणी रात्री बाहेर पडली. दिवसा लपायचे आणि रात्री चालायचे, असा प्रवास सुरू झाला. एकदा तर ती उभ्या पिकात दडून बसली असताना बेरेंगार स्वतः भाल्याने धाटे बाजूला सारीत तिला शोधत होता आणि तरीही ती त्याच्या दृष्टीस पडली नाही. ओदिलो यांनी सांगितलेली आठवण वेगळी आहे. दलदलीच्या प्रदेशात ही माणसे उपाशीपोटी अडकून पडली होती. तेथे होडीतून एक कोळी आला. त्याच्याकडे नुकताच पकडलेला मासा होता. त्याने विस्तव पेटवला, मासा शिजवला आणि या अनोळखी भुकेल्यांना जेवू घातले. आपण राणीला जेवू घालीत आहोत, हे त्याला ठाऊक नव्हते. समुद्रकाठच्या आपल्या भाविकांना या प्रसंगातील त्या कोळी बांधवाविषयी विशेष आपुलकी वाटल्याखेरीज राहणार नाही.

अखेर रेज्जो येथील बिशप आदेलार्द यांनी तिला आश्रय मिळवून दिला. कानोस्साच्या अभेद्य किल्ल्यात तिला सुरक्षित ठेवण्यात आले, असे पुढच्या परंपरेत सांगितले जाते.

ओटोची सहधर्मचारिणी

याच सुमारास जर्मनीचा राजा ओटो पहिला आल्प्स पर्वत ओलांडून इटलीत उतरला. त्याची पहिली पत्नी, इंग्लंडची राजकन्या एडिथ, ९४६ साली निवर्तली होती. सप्टेंबर ९५१ मध्ये तो पावियात पोहोचला. त्याच शरद ऋतूत तेथे त्याचा अ‍ॅडलेडशी विवाह झाला. ओटो एकोणचाळिशीच्या घरात, अ‍ॅडलेड वीस वर्षांची. हाही विवाह राजकारणापासून अलिप्त नव्हता. अ‍ॅडलेडचा हात हाती घेताना ओटोने इटलीच्या मुकुटावरील तिचा हक्कही हाती घेतला. तरीदेखील पहिल्या आणि दुसऱ्या लग्नात एक मोठा फरक होता. पहिल्या वेळी ती काही न कळणारे बालक होती. आता ती कैदेची भीती घालूनही न नमलेली प्रौढ स्त्री होती.

संसार सोपा नव्हता. ओटोचा पहिल्या पत्नीपासून झालेला मुलगा लिउडॉल्फ याला सावत्र आईच्या मुलांमुळे आपला वारसा जाईल, अशी भीती वाटू लागली. ९५३ साली त्याने बंड केले. सावत्रपणाची ही ठिणगी साऱ्या राज्याला पोळून गेली. दोन वर्षांनी, १० ऑगस्ट ९५५ रोजी, लेखफेल्डच्या रणांगणावर ओटोने हंगेरियन स्वाऱ्यांचा निर्णायक पराभव केला. त्याच वर्षी अ‍ॅडलेडच्या पोटी ओटो दुसरा जन्मला. तिची कन्या माटिल्डा पुढे क्वेडलिनबुर्गच्या मठाची अधिपती झाली. अन्य दोन मुले लहानपणीच देवाघरी गेली.

२ फेब्रुवारी ९६२ रोजी रोममध्ये पोप जॉन बारावे यांच्या हस्ते ओटोचा सम्राट म्हणून राज्याभिषेक झाला आणि त्याच वेळी अ‍ॅडलेडलाही सम्राज्ञीपदाचा मुकुट प्रदान करण्यात आला. तत्कालीन सनदांमध्ये तिचा उल्लेख राज्यातील सहभागिनी असा येतो. हा केवळ मानाचा शब्द नव्हता. लोक तिच्यामार्फत सम्राटापर्यंत आपली गाऱ्हाणी पोहोचवीत. मठांना मिळालेल्या अनेक दानपत्रांत तिच्या शब्दाखातर हे दान दिले, अशी नोंद आढळते.

तिच्या स्वभावाची ओळख पटवणारी एक घटना येथे सांगितली पाहिजे. ज्या बेरेंगारने तिला कोंडले, तो अखेर ओटोला शरण आला आणि बांबेर्ग येथे स्थानबद्धतेत ९६६ साली मरण पावला. त्याच्या मुली निराधार झाल्या होत्या. त्यांना अ‍ॅडलेडने आपल्या राजवाड्यात सन्मानाने ठेवून घेतले. ज्या घराने आपले दागिनेही अंगावर राहू दिले नाहीत, त्या घराच्या लेकींना तिने आपल्या घरात जागा दिली.

मुलगा, सून आणि दुरावा

१४ एप्रिल ९७२ रोजी रोममध्ये अ‍ॅडलेडच्या मुलाचा, ओटो दुसरा याचा, विवाह झाला. वधू होती कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाच्या नात्यातील थिओफानू. जांभळ्या रंगाच्या चर्मपत्रावर सोन्याच्या अक्षरांत लिहिलेली या विवाहाची सनद आजही जर्मनीत जतन केलेली आहे. वधूला कोणते प्रदेश आणि कोणते मठ लावून दिले, हे त्या झळाळत्या अक्षरांतून वाचता येते. कधी काळी अ‍ॅडलेड ज्या वाटेने आली, त्याच वाटेने आता आणखी एक लहान मुलगी परक्या देशात सून म्हणून आली होती.

स्वतः अ‍ॅडलेडनेही आपल्या लेकीला याच वाटेने धाडले होते, हे विसरून चालणार नाही. लोथारपासून झालेली एम्मा ९६६ च्या सुमारास फ्रान्सच्या राजाला देण्यात आली. पुढे तीही विधवा झाली, तिचा एकुलता एक राज्यकर्ता मुलगाही गेला आणि ९८८ साली ती सत्तेच्या भांडणात कैदेत पडली. आईचे दुःख लेकीच्या वाट्याला पुन्हा आले. संतांनाही आपल्या काळाच्या चौकटीबाहेर सहजासहजी पडता येत नाही, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

७ मे ९७३ रोजी ओटो पहिला निवर्तला. मुलगा सम्राट झाला आणि हळूहळू माय-लेकांत बेबनाव वाढला. तिच्या मालमत्तेवरून, तिच्या दानधर्मावरून आणि दरबारातील तिच्या वजनावरून कुरबुरी होऊ लागल्या. कान भरणारी माणसे तर प्रत्येक दरबारात असतात. अखेर ९७८ साली अ‍ॅडलेडने मुलाचा दरबार सोडला आणि ती माहेरी, बर्गंडीत, भाऊ कॉनराडकडे गेली. दोन वर्षे माय-लेकांची भेट नव्हती. तेव्हा क्ल्यूनीचे मठाधिपती संत मायोलुस यांनी मध्यस्थी केली. मातेचा मान राखणे ही देवाची आज्ञा आहे, याची त्यांनी सम्राटाला आठवण करून दिली. ९८० साली पाविया येथे मुलगा आणि आई समोरासमोर आले आणि दोघांनी अश्रू ढाळीत परस्परांना क्षमा केली, असे ओदिलो सांगतात.

हा समेट झाला हे किती बरे झाले! कारण पुरती तीन वर्षे झाली आणि ७ डिसेंबर ९८३ रोजी ओटो दुसरा रोममध्ये अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी मरण पावला. न मिटलेल्या भांडणाचे ओझे तरी त्या मातेला जन्मभर वाहावे लागले नाही.

नातवासाठी

मागे उरला तीन वर्षांचा नातू, ओटो तिसरा. त्याच नाताळात आखेन येथे त्याचा राज्याभिषेक झाला. पाठोपाठ त्याचा नातलग, बव्हेरियाचा हेन्री, याने पालकत्वाच्या नावाखाली त्या बालकाला आपल्या ताब्यात घेतले. सासू-सुनेचे फारसे सख्य नव्हते. पण या संकटात दोघीही इटलीहून जर्मनीत गेल्या आणि माइन्झचे आर्चबिशप विलिगिस यांच्या साहाय्याने त्यांनी हेन्रीवर दबाव आणला. २९ जून ९८४ रोजी रोर येथे हेन्रीने मुलाला त्याच्या आईच्या आणि आजीच्या स्वाधीन केले. एका लहान मुलासाठी दोन स्त्रियांनी आपापसांतील अढी बाजूला ठेवली आणि एक साम्राज्य यादवीतून वाचले.

त्यानंतर दोघींत पुन्हा खटके उडाले. अ‍ॅडलेड पावियाला परतली. सुनेच्या तोंडून निघालेल्या कटू शब्दांची आठवण ओदिलो यांनी नोंदवली आहे. पुढे १५ जून ९९१ रोजी थिओफानूचेही अकाली निधन झाले. नातू अकरा वर्षांचा होता. साठ वर्षांच्या आजीला पुन्हा राज्यकारभार हाती घ्यावा लागला. ९९४ साली नातू वयात येईपर्यंत तिने तो सांभाळला आणि मग काही अडून न धरता बाजूला झाली. त्या काळातील एका चांदीच्या नाण्यावर नातवाचे ओटो आणि आजीचे अ‍ॅडलेड अशी दोन्ही नावे कोरलेली आहेत. सॅक्सनीत पाडलेली ही नाणी उत्तर आणि पूर्व युरोपातील जमिनीखालच्या ठेव्यांत विपुल प्रमाणात सापडली आहेत. पुढे पोप सिल्वेस्टर दुसरे झालेले विद्वान जेर्बर्ट यांच्या पत्रांतून तिचा उल्लेख राज्यांची माता असा येतो.

शेवटचा प्रवास

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत अ‍ॅडलेडचे मन मठांकडे ओढ घेऊ लागले. बर्गंडीतील पायर्न येथे, जेथे तिची आई विसावली होती, तेथील मठाला तिने साहाय्य केले. पावियात तिने मठ उभारला. आल्सासमध्ये, ऱ्हाइन नदीच्या काठी, सेल्झ येथे तिने संत बेनेडिक्ट यांच्या नियमानुसार चालणारा मठ स्थापन केला. टूर येथील संत मार्टिनच्या मंदिराची आगीनंतर पुनर्बांधणी होत असताना तिने मुलाच्या राजवस्त्राचा एक भाग तेथे भेट म्हणून पाठवला. ज्या संताने आपला झगा फाडून भिकाऱ्याला दिला, त्याला पुत्रशोक झालेल्या मातेने दिलेली ही भेट किती अर्थपूर्ण होती!

९९९ साली, अडुसष्टाव्या वर्षाच्या आसपास, तिने शेवटचा प्रवास केला. भाऊ कॉनराड वारला होता. त्याचा मुलगा रुडॉल्फ तिसरा आणि त्याचे सरदार यांच्यात वितुष्ट आले होते. त्यांचा समेट घडवण्यासाठी ही वृद्ध सम्राज्ञी बर्गंडीत गेली. वाटेत तिने हुतात्मा संत मॉरिस यांच्या तीर्थस्थानी प्रार्थना केली. ज्या राज्यासाठी सहाव्या वर्षी तिचे लग्न ठरवण्यात आले होते, त्याच राज्यात ती आता कोणाच्याही आज्ञेवाचून, स्वतःच्या इच्छेने, शांती घेऊन गेली होती.

तेथून ती सेल्झला आली. डिसेंबरमध्ये मुलाचा स्मृतिदिन आला. त्या निमित्ताने गोरगरीब जमले होते. थकलेल्या शरीराने तिने स्वतःच्या हातांनी त्यांना दानधर्म केला. त्यानंतर ज्वराने तिला गाठले. १६ डिसेंबर ९९९ रोजी तिने देह ठेवला आणि सेल्झ येथेच तिला मूठमाती देण्यात आली. तो मूळ मठ पुढे ऱ्हाइनच्या पुरात नष्ट झाला. १०९७ साली पोप उर्बन दुसरे यांनी तिला संतपद बहाल केले. जर्मनीत माइसेनच्या कॅथेड्रलमध्ये ओटो आणि अ‍ॅडलेड यांचे तेराव्या शतकातील पुतळे आजही शेजारी शेजारी उभे आहेत.

आपल्यासाठी

राजे, मुकुट आणि तह यांचा तो काळ केव्हाच सरला. मात्र लग्न ठरवताना जमीन, पैसा आणि प्रतिष्ठा यांचा हिशेब करण्याची सवय माणसाने पुरती सोडली आहे, असे म्हणता येईल काय? १९८३ च्या धर्मसंहितेतील १०५७ व्या कलमानुसार विवाह होतो तो वधूवरांच्या संमतीने आणि ती संमती त्यांच्या वतीने अन्य कोणतीही मानवी सत्ता देऊ शकत नाही. म्हणूनच वेदीसमोर धर्मगुरू वर आणि वधू या दोघांनाही विचारतात की आपण मोकळ्या मनाने आलो आहोत ना. तो प्रश्न उपचार म्हणून विचारला जात नाही. सहा वर्षांच्या अ‍ॅडलेडला तो कोणी विचारला नव्हता.

आणखी एक गोष्ट. संत अ‍ॅडलेडच्या घरात भांडणे झाली. मुलाशी अबोला झाला. सुनेशी पटले नाही. म्हणजे आपल्या घरांतून जे घडते, तेच तिच्याही घरात घडले. तिने अबोल्याला शेवट होऊ दिले नाही, इतकाच काय तो फरक. मध्यस्थ आला तेव्हा ती परतली, नातू संकटात सापडला तेव्हा सुनेच्या बाजूला उभी राहिली आणि वैऱ्याच्या लेकींनाही तिने दार उघडले.

नाताळ जवळ आला आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी आई, मुलगा, सून, भाऊ यांच्यात बोलणे बंद असेल, तर १६ डिसेंबर हा दिवस ते पुन्हा सुरू करण्यास उत्तम आहे. आठ दिवसांत नाताळची रात्र असेल असे म्हणून थांबू नये. ओटो दुसरा याला समेटानंतर तीनच वर्षे मिळाली होती.

संत अ‍ॅडलेड, आमच्या कुटुंबांसाठी प्रार्थना कर.